जगदीशच्या नावाचा उन्हाळा

माझ्या सुनेच्या मते मला एक खोड आहे. घरी कामाला माणूस आला की त्यानं पिशवी खाली ठेवायच्या आत मी त्याचं नाव विचारतो. नुसतं नाव नाही, वडिलांचं विचारतो, गावाचं विचारतो, आणि हे तुझंच नाव ना, असंही विचारतो. यंदा मुलानं वरच्या मजल्यावर दोन खोल्या चढवायला काढल्या, तेही ऐन एप्रिलात. फरशी बसवायला बिहारकडची चार माणसं आली. मी जिन्याशी खुर्ची टाकून त्यांची चौकशी करत बसलो, तर सून आतून म्हणाली, "बाबा, त्यांना फरशी बसवू द्या. सोयरीक न्हाई जमवायची आपल्याला." माणसं हसली, मीही हसलो. पण त्यातल्या एकानं नाव सांगण्याआधी शेजारच्याकडं पाहिलं, आणि मी हसायचा थांबलो.

जालन्याचा उन्हाळा बाहेरच्याला सांगून कळत नाही. सकाळी नऊलाच पत्र्याला हात लावता येत नाही. नळाला पाणी कधी येणार हा इथं गप्पांचा पहिला विषय, आणि टँकरचा हॉर्न पोटच्या पोराच्या हाकेसारखा ओळखू येतो. दुपारी रस्ते ओस पडतात. मोसंबीच्या रसाच्या गाड्यांवर ओली फडकी टाकलेली असतात आणि त्यांच्याभोवती माशांपेक्षा माणसं जास्त. एवढं असूनही मला हा उन्हाळा आवडायचा. लहानपणी आमच्या गावी, टेंभुर्णीला, आम्ही कडुनिंबाच्या सावलीत दिवसच्या दिवस लोळून काढले आहेत. मग नव्वदीच्या दशकातला एक उन्हाळा आला, आणि त्यानं माझी ही आवड कायमची बिघडवून ठेवली.

तेव्हा मी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये टाइमबाबू होतो. मिलचं नाव सांगत नाही. ती आता उरलेलीही नाही, त्या शेडमध्ये खताचं गोदाम आहे. टाइमबाबू म्हणजे फाटकालगतच्या खोलीत बसून माणसांची हजेरी घेणारा. रोज सकाळी सातला मी खिडकी उघडायचो, मस्टर पुढ्यात ओढायचो आणि नावं पुकारायचो. पलीकडून "हाजिर" आलं की खूण करायची. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बी.कॉम. झालेल्या मुलाला सावलीतली नोकरी मिळाली म्हणून आई गावात पेढे वाटून मोकळी झाली होती. सावली पत्र्याची होती, हे मी तिला सांगितलं नाही.

आतमध्ये भट्टी होती. भट्टीतून लालभडक लोखंडाचा ठोकळा निघायचा, तो रुळांमधून दाबला जायचा, आणि पलीकडून लांब सळई बाहेर यायची, सोऱ्यातून शेव पडावी तशी. फरक एवढाच की ही शेव माणसाच्या अंगावर धावून यायची. समोर उभ्या असलेल्या माणसानं चिमट्यानं तिचं तोंड पकडायचं, वळवायचं आणि पुढच्या खाचेत घालायचं. पुन्हा ती उलट्या बाजूनं यायची, पुन्हा दुसऱ्यानं पकडायची. खांद्यावर ओलं पोतं, पायात लाकडी तळाच्या चपला, तोंडावर गमछा. त्या धगीत माणूस अर्ध्या तासाहून जास्त टिकत नाही, म्हणून जोड्या असायच्या. अर्धा तास एका जोडीनं सळई धरायची, अर्धा तास बाहेर येऊन पोतं भिजवायचं, गूळ खाऊन पाणी प्यायचं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. शरीरानंच तो घालून दिला होता.

ही कामं आमची माणसं करत नव्हती. छपरा, सिवान, बलियाकडची माणसं मनमाडला गाडी बदलून यायची आणि मिलच्या मागच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा जण राहायची. शहराला ती दिसायची फक्त रविवारच्या बाजारात, घोळक्यानं बटाटे निवडताना. त्यांना सरसकट एकाच शब्दानं हाक मारायची आपल्याकडं रीत आहे. मीही तीच हाक मारायचो, खोटं कशाला बोलू.

जगदीश त्यांच्या पहिल्या तुकडीतला. उंच, भुवईवर जुना व्रण, हजेरीला "हाजिर" असं म्हणायचा की खिडकीची काच थरथरायची. एकदा घरून सांगावा आला, वडील अंथरुणाला खिळले होते. जाताना तो एका चुलतभावाला घेऊन माझ्या खिडकीशी आला. हा शिवपूजन. बुजरा, काटक, भावाच्या मागं अर्धा लपलेला. जगदीश म्हणाला, "बाबूजी, हमरी जगह ये रहेगा. आप हमरा नाम मत काटना."

आणि मी हो म्हणालो. आता इथं माझी चूक सांगायला हवी. ती चूक शेतकऱ्याच्या मुलाचीच होऊ शकते. आमच्या गावाकडं सावड चालते. आज तुमच्या रानात आमची दोन माणसं, उद्या आमच्या रानात तुमची दोन. कबूल केलेल्या दिवशी घरातला एखादा आजारी पडला तर भाऊ येतो, बायको येते, मेव्हणा येतो. कोण आलं हे कुणी विचारत नाही. काम घराचं असतं, घरानं माणूस पाठवला की शब्द पाळला गेला. मला वाटलं, हे तसंच आहे. एका घरचा माणूस गेला, त्याच घरचा दुसरा आला, नाव कशाला खोडायचं? मी माणुसकी केली अशा समजुतीत त्या दिवशी घरी जाऊन बायकोला, सुमनला, ते कौतुकानं सांगितलंसुद्धा.

ठेकेदारानं मात्र माझ्या माणुसकीतला फायदा बरोबर हेरला. नवा माणूस म्हणजे नवा फॉर्म, नवा फोटो, नवं विम्याचं कार्ड. त्यापेक्षा जुनीच नावं चालू ठेवली तर? नाव अंगातल्या सदऱ्यासारखं झालं, एकानं काढलं की दुसऱ्यानं चढवायचं. दोन-तीन वर्षांत मस्टरवरची निम्म्याहून जास्त नावं भलत्याच माणसांच्या अंगावर होती. पन्नाशीचा एक रामसुमेर तर दरवर्षी तरुण होत चालला होता, आणि आम्ही ऑफिसातली माणसं त्यावर हसायचो. जगदीशच्या वडिलांचं दुखणं लांबत गेलं, तो परतला नाही, आणि शिवपूजन रोज सकाळी जगदीश म्हणून ओ द्यायचा. पुढं पुढं तो चांगलाच रुळला, आमच्या बोलीतले शब्दही त्यानं उचलले. "बाबूजी, आज पानी न्हाई आया, मंग पोता कैसे भिगाएं?" असं म्हणायचा. मी त्याला जगदीशच म्हणायचो. त्याचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण ते माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

त्या उन्हाळ्यात वामनराव रोज आमच्या फाटकाशी सायकल लावून उभे राहू लागले. हे पूर्वी जिनिंगमध्ये होते. सरकीच्या यंत्रांनी त्यांचा एक कान निकामी केला, तेव्हापासून ते कामगारांची संघटना बांधत फिरायचे. कान गेल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नसे. गुप्त बैठकीची जागा आणि वेळ ते अशा आवाजात सांगायचे की ठेकेदार त्यांच्या आधी तिथं पोचायचा. मागण्या अगदी साध्या होत्या. अर्ध्या तासाची जोडी मोडू नका, प्यायला आणि पोतं भिजवायला पाणी द्या, चामड्याचे बूट द्या, आणि ज्याचं त्याला, त्याच्या नावाचं कार्ड द्या. मी खिडकीतून ऐकायचो. पहिल्या तीन मागण्या मला पटायच्या. चौथी आली की मी मस्टरची पानं चाळायला लागायचो.

जोडी मोडली ती लग्नसराईनं. अर्धी माणसं गावी गेली होती आणि सळईची मागणी मात्र वाढलेली. अर्ध्या तासाचा तास झाला, तासाचा दीड तास. एका दुपारी टँकर आला नाही. खांद्यावरची पोती वाळून खडखडीत झाली. दोन-सव्वादोनला मिलचा आवाज एकदम थांबला. फाटकाजवळच्या झाडावर कोकीळ ओरडत होता, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. मग आतून माणसं धावत आली.

शिवपूजनच्या हातून चिमटा निसटला होता. सळई उसळून त्याच्या पायावर आली आणि लाकडी चपलेसकट पायातून गेली. याहून जास्त मला लिहवत नाही. त्याला ट्रकच्या हौद्यात घातलं, मी जगदीशच्या नावाचं विम्याचं कार्ड घेऊन शेजारी बसलो. तो ओरडत नव्हता. "बाबूजी, आधा घंटा हो गया था," एवढंच सारखं सांगत होता, जणू चूक त्याच्याकडून झाली होती. विम्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कार्डावरचा फोटो पाहिला, भुवईवरच्या व्रणाची नोंद वाचली, समोरचा चेहरा पाहिला. "हा तो माणूस नाही," ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी मलमपट्टी केली आणि त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं पायाचा पुढचा भाग काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरनं मला आत बोलावलं. त्याच्या खोलीत कूलर होता, वाळ्याचा गार वास येत होता. तो फार शांत बोलायचा. "गाडेकर, जगदीश तर गावाकडं गेलेला आहे. मंग तो रजेवर आहे, बरोबर? या महिन्याचं मस्टर जरा नव्यानं लिहून काढा."

"अन् ज्याला लागलं तो, साहेब?"

"तो बाहेरचा माणूस. पाणी प्यायला आत आल्ता. उन्हाळ्याचे दिवस हायत, येतेत लोक."

मी लिहिलं. हे मी कितीदा तरी वेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं आहे, पण ते एवढंच आहे. मी कूलरसमोर बसून, सुवाच्य अक्षरात, जगदीशपुढं त्या अख्ख्या महिन्याची रजा लिहिली. आजही कुणाच्या घरी वाळ्याचा वास आला की मी उठून ओसरीवर जाऊन बसतो. लोकांना वाटतं, मला गारवा सोसत नाही.

घरी आलो तर सुमन गच्चीवर कुरडया घालत होती. मिलच्या धुराड्यांची काजळी त्या पांढऱ्या कुरडयांवर बसू नये म्हणून तिनं जुनं पातळ बांधून आडोसा केला होता. मी तिथंच उन्हात बसून तिला सगळं सांगितलं. सुमन अंकुशनगरची, तिचे वडील साखर कारखान्यात होते. ती चीक दाबता दाबता ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडं ऊसतोडीची माणसं मोजतच न्हाईत, कोयते मोजतेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहानपणी मला वाटायचं, कोयत्यालाच लेकरं होतेत. तिथं नाव लिहायचीच सोय न्हाई. तुमच्याकडं तर नाव लिहायला माणूस ठेवला होता." एवढं बोलून ती परत कुरडया घालायला लागली. मला तिचा राग आला आणि तिचं खरं असल्यामुळं तो वाढला.

त्याच संध्याकाळी वामनराव घरी आले. दारातूनच त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मला गुपचूप सांगितलं, "गाडेकर, तुम्हाला साक्षीला यावं लागंल! कामगार खात्याच्या साहेबांसमोर! कोणाला बोलू नका!" समोरच्या गच्चीवरची बाई पापड सोडून ऐकायला उभी राहिली. मी त्यांना आत ओढलं आणि नोकरीचं, दोन लेकरांचं, गावाकडच्या आईचं सगळं पुराण लावलं. त्यांनी कान पुढं करून शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बरं. साक्षीचं राहू द्या. आधी दवाखान्यात चला. त्यो पठ्ठ्या मलाच दाद देऊन न्हाई राह्यला."

दवाखान्यात शिवपूजन भिंतीकडं तोंड करून पडला होता. वामनराव खाटेवर बसून म्हणाले, "बाबा, तू तुझं नाव सांग. तू मिलचा माणूस हायेस हे ठरलं तरच जन्मभराचं औषधपाणी अन् पायाच्या भरपाईचा हक्क मिळतो. न्हाई तर तू कोणीच न्हाईस. नाव बोल."

"जगदीश," शिवपूजन म्हणाला.

वामनरावांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, घाबरला असेल, ठेकेदारानं दम दिला असेल. मी वाकून विचारलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मला तरी हे समजायला हवं होतं. "बाबूजी, जगह भइया की है. हम तो रखवाली पर हैं. हम बोल दें कि हम जगदीश नहीं, तो भइया का नाम कट जाएगा. फिर हम घर में का मुँह दिखाएँगे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या सावडीच्या हिशेबानं मी त्याला आत घेतलं होतं, ती सावड तो पाय गेल्यावरही पाळत होता, आणि मी एका दुपारच्या गारव्यात ती मोडून बसलो होतो. जागलीला बसलेल्या माणसाला रान सोडून जा असं मी कोणत्या तोंडानं सांगणार? वऱ्हांड्यात आल्यावर वामनराव म्हणाले, "आता एकच माणूस ह्याला सोडवू शकतो." मी दुसऱ्या दिवशी दुपारी मस्टरच्या कपाटातून जगदीशचा जुना फॉर्म काढला, गावाचा पत्ता उतरवून घेतला आणि हिंदीत एक पोस्टकार्ड लिहिलं. जे झालं ते सगळं लिहिलं. खाली सही करताना हात थांबला, पण केली.

सुनावणीपर्यंत उत्तर आलं नाही. मृग तोंडावर आला होता, तरी आभाळात ढगाचं नाव नव्हतं. कामगार खात्याच्या साहेबांच्या खोलीत पंखा गरम हवा ढवळत होता. एका बाजूला मॅनेजर, ठेकेदार आणि त्यांचा वकील. दुसऱ्या बाजूला वामनराव आणि बाकावर कुबडी घेऊन शिवपूजन. बाहेर निंबाखाली आमच्या मिलमधली सात-आठ माणसं दिवस बुडवून येऊन बसली होती. मी मधोमध, मांडीवर नवं लिहिलेलं मस्टर घेऊन. वकिलानं पाणी प्यायला आत आलेल्या माणसाची गोष्ट फार छान सांगितली. उन्हाचं वर्णन करताना तर त्याचा स्वर दाटून आला होता.

साहेबांनी मस्टर उघडलं, जगदीशच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मान वर करून विचारलं, "जगदीश कोण? हजर आहे का?"

"हाजिर."

आवाज दोन आले. एक बाकावरून, खालच्या मानेनं. दुसरा दारातून, आणि खिडकीची काच थरथरली. दारात जगदीश उभा होता. खांद्याला पिशवी, कपड्यांवर दोन रात्रींच्या प्रवासाची धूळ, दाढी वाढलेली. स्टेशनावरून चाळीत पत्ता विचारून तसाच पायी आला होता.

शिवपूजन कुबडी विसरून उठायला गेला. "भइया, तुम काहे आए? जगह चली जाएगी."

"जाने दे," जगदीश म्हणाला. "पाँव दे दिया. अब नाम भी देगा?"

वकील चपळ माणूस. तो लगेच म्हणाला, "साहेब, हे तर बरंच झालं. आमचा जगदीश हा उभा आहे, धडधाकट. रजेवर होता हे सिद्धच झालं. मग हा दुसरा आमचा कोण लागतो?" सगळे माझ्याकडं पाहायला लागले, कारण त्या दोन माणसांच्या मधे आता फक्त माझं अक्षर होतं. मॅनेजर नेहमीसारखा शांत होता. मला घर दिसलं, लेकरं दिसली, पेढे वाटणारी आई दिसली. तरी मी उभा राहिलो.

"साहेब, हे मस्टर अपघातानंतर लिहिलेलं आहे. मीच लिहिलं. तीन वर्षं रोज सकाळी मी जगदीश म्हणून हाक मारली, आणि ओ देणारा माणूस हा होता. याचं नाव शिवपूजन आहे. चूक याची नाही. नाव न खोडण्याची चूक माझी आहे."

नंतरचं थोडक्यात सांगतो. त्या महिन्यातच माझी नोकरी गेली आणि मी बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं, त्यावर संसार झाला. शिवपूजनचा हक्क मान्य व्हायला पुढचा उन्हाळा यावा लागला, पण झाला. मिलमध्ये अर्ध्या तासाची जोडी परत आली, पाण्याची टाकी बसली, आणि सगळ्यांचे नवे फोटो काढले गेले. वामनरावांनी ही बातमी मला दुकानात येऊन सांगितली, म्हणजे सगळ्या बाजारालाच सांगितली. बूट काही आले नाहीत. जगदीशची जागा गेली ती गेलीच. तो सुरतेला गेला, पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं मला अजून टोचतं.

पण उन्हं तापली की मला निकाल आठवत नाही. मला आठवते त्या खोलीतली माझ्या बोलण्यानंतरची दोन मिनिटं. साहेबांनी जुनं पान बाजूला सारलं, कोरा कागद घेतला, वरती नाव लिहिलं आणि म्हणाले, "शिवपूजन, पुढं या. अंगठा किंवा सही."

तो उठला नाही. ही हाक आपल्याला आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो जगदीशकडं पाहत राहिला, जणू पुढं त्यानंच जायचं होतं. साहेबांनी पुन्हा हाक मारली. मग जगदीशनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, भावाच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं.